कामगारांच्या पेशींतील डीएनए-हानी मोजून देणारी सेवा: मोजमाप चांगले, अहवाल धोक्याचा

काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन वापरून मोठ्या टाक्या व नळ घडवणाऱ्या एका कारखान्यात मी व्यवसायजन्य आरोग्याचा वैद्य म्हणून काम पाहतो. गेल्या दीड वर्षात आम्ही कामगारांच्या पेशींतील डीएनएला झालेली हानी मोजून घेण्यासाठी एका खासगी प्रयोगशाळेची सेवा तीन फेऱ्यांत घेतली, त्या अनुभवावर हा अभिप्राय आधारलेला आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो: ही प्रयोगशाळा मोजते चांगले आणि मोजलेले सांगते वाईट. दोन गटांची तुलना करायची असेल तर तिच्याकडे नमुने पाठवावेत असे मी निःसंकोच म्हणेन; मात्र प्रत्येक व्यक्तीच्या नावे ती जो रंगीत कागद छापून देते, तो कोणत्याही कामगाराच्या हाती पडू नये असे माझे मत झाले आहे. तिचे नाव मी मुद्दाम देत नाही. अशी सेवा कोणाकडूनही घेताना काय विचारावे, हे वाचकाला कळले तरी पुरे.

ही सेवा घ्यावीशी का वाटली, हे आधी सांगायला हवे. आमच्याकडे हवेतील स्टायरीनचे, म्हणजे पॉलिएस्टर रेझिनमधील बाष्पशील द्रावकाचे, मोजमाप नियमित होते आणि ते बहुतेक वेळा मर्यादेत असते. परंतु हवेच्या आकड्यावरून माणसाच्या अंगात काय गेले हे कळत नाही. हाताने रेझिन लावणाऱ्याच्या हातमोज्यातून द्रावक झिरपते, मोठ्या टाकीच्या आत वाकून काम करणाऱ्याच्या नाकाशी असलेली हवा दालनातल्या हवेपेक्षा वेगळी असते, आणि मुखवटा किती घट्ट बसला आहे हे कोणत्याच नोंदवहीत येत नाही. म्हणून कामाची पाळी संपताना लघवीतील मँडेलिक आम्ल आणि फेनिलग्लायऑक्झिलिक आम्ल, ही शरीरात स्टायरीनपासून बनणारी दोन आम्ले, मोजण्याची पद्धत आहे. त्यावरून शरीरात किती स्टायरीन शिरले याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. आमचा प्रश्न त्यापुढचा होता. शरीरात स्टायरीनचे स्टायरीन-७,८-ऑक्साइड बनते, ते डीएनएशी रासायनिक बंध जोडू शकते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनचा समावेश ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ अशा २अ गटात केला. शिरलेल्या मात्रेने पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचून काही केले आहे काय, याचे उत्तर लघवीतील आम्ल देऊ शकत नाही. ते उत्तर देण्याचा दावा करणारी सेवा आम्ही विकत घेतली.

सेवेत तीन चाचण्या एकत्र मिळतात: रक्तपेशींची कॉमेट चाचणी (डीएनएच्या धाग्यात पडलेले तुकडे मोजणारी), लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींची मायक्रोन्यूक्लियस चाचणी (मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेली छोटी केंद्रके मोजणारी) आणि लघवीतील ८-हायड्रॉक्सी-डीऑक्सिग्वानोसिन, म्हणजे डीएनएतील ग्वानिन हा घटक ऑक्सिडीकरणाने बिघडल्यावर उरणारा अवशेष. याखेरीज गालाच्या आतील पेशींची मायक्रोन्यूक्लियस चाचणी जोड म्हणून मागता येते. माहितीपत्रकात ही जोडचाचणी अगदी शेवटी, बारीक अक्षरांत दिली आहे. पुढे कळले की आमच्या एका विभागासाठी तीच सर्वांत उपयोगी होती.

या साऱ्या प्रकरणातील सर्वांत कष्टाचा भाग म्हणजे नमुना घेणे, आणि प्रयोगशाळेची खरी परीक्षाही तिथेच होते. कॉमेट चाचणीसाठीचे रक्त थंड आणि अंधारात ठेवावे लागते, कारण डीएनएच्या धाग्यात पडलेले साधे तुकडे पेशी स्वतःच सांधत असते आणि त्यांतले पुष्कळसे काही मिनिटांत सांधले जातात. शिवाय उजेडाने नवे तुकडे पडू शकतात ते वेगळेच. मायक्रोन्यूक्लियस चाचणीचे नेमके उलट आहे. तिच्यासाठी लिम्फोसाइट जिवंत आणि विभाजन करू शकतील अशा स्थितीत पोहोचाव्या लागतात, म्हणून ती नळी बर्फावर न ठेवता खोलीच्या तापमानाला पाठवायची असते. एकाच माणसाच्या एकाच दंडातून एकाच वेळी काढलेल्या रक्ताच्या दोन नळ्या दोन वेगळ्या पेट्यांत, दोन वेगळ्या तापमानांना प्रवास करणार, ही गोष्ट घाईत असलेल्या परिचारिकेला सांगून पटत नाही. प्रयोगशाळेने त्यासाठी दोन रंगांची टोपणे, दोन पेट्या, प्रत्येक पेटीत तापमान नोंदणारे छोटे यंत्र आणि एका पानात मावणारी सूचना पाठवली होती. ही तयारी मनापासून वाखाणण्यासारखी आहे.

तरीही पहिल्या फेरीत चूक झालीच, आणि ती आमची होती. थंड पेटीतल्या बर्फाच्या पिशव्या नळ्यांना थेट टेकवून ठेवल्या गेल्या, मध्ये पुठ्ठा घालायचा राहिला, आणि कडेच्या नळ्यांतले रक्त हळूहळू गोठून पुन्हा वितळले. प्रयोगशाळेने त्या नळ्यांची छायाचित्रे आणि तापमानाची नोंद पाठवून त्या नमुन्यांची चाचणी करण्यास नकार दिला. आमचे व्यवस्थापक चिडले. मला मात्र या नकारानेच प्रयोगशाळेवर विश्वास बसला, कारण अशा रक्तातूनही आकडा काढता येतो. तो हानीचा आकडा असतो खरा, पण ती हानी कामाने केलेली नसून बर्फाने केलेली असते.

दुसरी चूक अधिक महाग पडली असती, आणि तिचा काही भाग प्रयोगशाळेकडेही जातो. पहिल्या फेरीचे नमुने आम्ही सोमवारी सकाळी, पाळी सुरू होण्यापूर्वी घेतले, कारण त्या वेळी सगळे हजर असतात. धाग्यातील तुकडे हे ताज्या हानीचे लक्षण आहे. दोन दिवसांच्या सुटीनंतर ते शोधणे म्हणजे पूर ओसरल्यावर नदीची पातळी मोजणे. कॉमेट चाचणीत साचेकाम करणारे आणि न करणारे यांच्यात सांगण्याजोगा फरक दिसला नाही, आणि कार्यालयात सुटकेचा निःश्वास टाकला गेला. नमुना कोणत्या वारी, पाळीच्या कोणत्या टप्प्यावर घेतला हे प्रयोगशाळेच्या अर्जात एका रकान्यात विचारले होते; आम्ही ते भरलेही होते; परंतु ते वाचून ‘असे का केलेत’ असे कोणी विचारले नाही. दुसऱ्या फेरीपासून आम्ही आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, पाळी संपताना नमुने घेऊ लागलो, आणि तेव्हा चित्र बदलले.

तुलनागटाविषयी मात्र प्रयोगशाळेचा आग्रह पक्का होता. स्टायरीनशी संबंध नसलेल्या लोकांचे नमुने त्याच दिवशी, त्याच पेटीत आणि सांकेतिक क्रमांकाने पाठवले पाहिजेत, आणि कोण कोणत्या गटातला हे सूक्ष्मदर्शकाशी बसणाऱ्याला कळता कामा नये, ही अट करारातच होती. आम्ही आधी कार्यालयातील तरुण मंडळी सुचवली, तेव्हा समन्वयक बाईंनी नम्रपणे पण ठामपणे ती यादी परत पाठवली: वय, लिंग आणि तंबाखूची सवय जुळणारे लोक द्या, नाहीतर फरक कशाचा आहे हे आम्ही सांगू शकणार नाही. शेवटी भांडार, सुतारकाम आणि वाहनविभागातून गट जमवला. सुतारकामात लाकडाची धूळ असते, ती स्वतःच कर्करोगकारक मानली जाते, हे माझ्या उशिरा ध्यानात आले आणि तिसऱ्या फेरीत ती तीन माणसे बदलावी लागली. तुलनागट निवडणे हे वाटते तितके सोपे काम नाही.

आता प्रत्यक्ष मोजमापाकडे वळतो. कॉमेट चाचणीची कल्पना साधी आणि देखणी आहे. १९८४ मध्ये ऑस्टलिंग आणि योहानसन यांनी तिचे पहिले रूप मांडले, आणि १९८८ मध्ये सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला आज सर्वत्र वापरले जाणारे तीव्र अल्कधर्मी रूप दिले. थोड्या पेशी कमी तापमानाला वितळणाऱ्या अ‍ॅगारोज जेलमध्ये मिसळून काचपट्टीवर पसरतात. खारट द्रावण आणि डिटर्जंट यांनी पेशीचे आवरण व प्रथिने विरघळवून टाकतात, जेणेकरून जेलमध्ये फक्त डीएनएचा गुंडाळा उरावा. मग १३ पेक्षा जास्त पीएच असलेल्या द्रावणात तो उलगडू देतात आणि सौम्य विद्युत्‌क्षेत्रात ठेवतात. अखंड डीएनए जागचा हलत नाही, तुटलेल्या ठिकाणी सैल झालेले फास मात्र धनाग्राकडे ओढले जातात. रंग देऊन पाहिले की प्रत्येक पेशी धूमकेतूसारखी दिसते, आणि एकूण डीएनएपैकी किती टक्के शेपटीत गेला यावरून तुकड्यांचा अंदाज बांधतात.

कल्पना साधी असली तरी आकडा लहरी असतो. विद्युत्‌क्षेत्र साधारण प्रति सेंटीमीटर १ व्होल्ट ठेवतात, पण ते दोन विद्युत्‌अग्रांच्या टोकांवर मोजले की काचपट्ट्या ठेवलेल्या फलाटावर मोजले, यावरूनच मोठा फरक पडतो. उलगडण्याचा वेळ, द्रावणाचे तापमान, टाकीतील काचपट्टीची जागा, जेलची घनता, या सर्वांनी शेपूट लांबते किंवा आखडते. त्यामुळे एका प्रयोगशाळेतील १० टक्के आणि दुसरीतील १० टक्के यांची तुलना होत नाही. एकाच प्रयोगशाळेतील दोन दिवसांचीही होईल याची खात्री नसते. २०२० मध्ये या क्षेत्रातील संशोधकांनी कॉमेट चाचणीच्या अहवालात किमान कोणती माहिती द्यावी याची यादी प्रसिद्ध केली, ती हाताशी ठेवून मी प्रयोगशाळेला प्रश्नांची एक लांबलचक जंत्रीच पाठवली. उत्तर चार दिवसांत आले आणि ते समाधानकारक होते. व्होल्टेज फलाटावर मोजले जाते. प्रत्येक खेपेत गोठवून ठेवलेल्या एकाच साठ्यातील संदर्भ-पेशी बसवतात, आणि त्यांचा आकडा ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेला तर ती सगळी खेप बाद करतात. प्रत्येक व्यक्तीच्या दोन जेलमधून मिळून १०० पेशी मोजतात. शेपटीची नुसती लांबी न देता शेपटीतील डीएनएचे प्रमाण देतात. यांपैकी संदर्भ-पेशींचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. वाचकाने प्रयोगशाळेला एकच प्रश्न विचारायचा ठरवला तर तो हा विचारावा.

आम्ही कॉमेटची एफपीजी विकराची आवृत्ती घेतली होती. हे विकर डीएनएतील ऑक्सिडीकरण झालेले प्युरीन (ग्वानिनसारखे घटक) शोधून त्या जागी धागा कापते, म्हणून विकर घातलेल्या जेलमधील शेपूट वजा नुसत्या द्रावणातील शेपूट, असा फरक काढला की ऑक्सिडीकरणाची हानी वेगळी कळते. पहिल्या अहवालात हा फरक न काढता विकरासह आलेला एकूण आकडाच ‘ऑक्सिडीकरण-हानी’ या मथळ्याखाली छापला होता. दाखवून दिल्यावर त्यांनी सुधारित अहवाल पाठवला, पण अशी चूक मुळात तक्त्यात यायला नको होती. विकराच्या प्रत्येक नव्या खेपेची मात्रा स्वतः तपासून ठरवतात, असे त्यांनी लेखी सांगितले. ते खरे असेल तर उत्तमच, कारण मात्रा जास्त झाली की विकर चांगल्या धाग्यालाही कापू लागते.

या सेवेतील सर्वांत गंभीर दोष मला दुसऱ्या फेरीत सापडला. आमच्या कारखान्याच्या एका टोकाला फॉर्माल्डिहाइडयुक्त रेझिन वापरून दाबपट्ट्या बनवण्याचा छोटा विभाग आहे. त्या विभागातील कामगारांचे कॉमेटचे आकडे तुलनागटापेक्षाही कमी आले, आणि अहवालात त्यांच्या नावांपुढे हिरवा रंग व ‘हानी अत्यल्प’ अशी टीप होती. हे वाचून मी चक्रावलो. फॉर्माल्डिहाइड डीएनएला प्रथिनांशी सांधून टाकते, आणि सांधलेला डीएनए विद्युत्‌क्षेत्रात सरकत नाही. म्हणजे ज्या पदार्थाने सांधे पडतात त्याच्या बाबतीत आखूड शेपूट हे हानीचेच चिन्ह असू शकते. सहा-संयुजी क्रोमियमसारख्या पदार्थांनाही हे लागू आहे. जेलमधील डीएनएवर प्रोटीनेझ-के या प्रथिने तोडणाऱ्या विकराची प्रक्रिया करून किंवा ठरावीक मात्रेचे तुकडे मुद्दाम पाडून सांधे ओळखण्याच्या पद्धती आहेत, पण त्यांचा पर्याय या सेवेत दिलेला नव्हता.

त्याहून मूलभूत अडचण अशी की श्वासातून गेलेले फॉर्माल्डिहाइड नाका-घशाच्या अस्तरावरच प्रतिक्रिया करून संपते आणि त्यातले फारच थोडे रक्तापर्यंत पोहोचते. तेव्हा रक्तात त्याची हानी शोधणे हीच निवड चुकीची होती. अर्जात आम्ही रसायनाचे नाव स्पष्ट लिहिले होते. ते वाचून ‘तुमच्या या विभागाला रक्ताची कॉमेट चाचणी लागू नाही’ असे सांगणे हे प्रयोगशाळेचे काम होते, निदान हिरवा रंग न लावणे तरी होते. मी फोन केला तेव्हा त्यांच्या शास्त्रज्ञाने मुद्दा तत्काळ मान्य केला आणि रंग ‘प्रणाली आपोआप लावते’ असे सांगितले. हे उत्तर मला पटले नाही.

त्या विभागासाठी आम्ही मग माहितीपत्रकातल्या त्या बारीक अक्षरांतल्या जोडचाचणीकडे वळलो. गालाच्या आतील अस्तर छोट्या ब्रशने हलकेच खरवडून पेशी घेतात. खालच्या थरात विभागलेली पेशी साधारण एक ते तीन आठवड्यांत वर येते, त्यामुळे गेल्या काही आठवड्यांतील घटना तिच्यात दिसते. सुई नाही, बर्फ नाही, कामगारांची कुरकुर नाही. माझी शंका रंगाविषयी होती, कारण गिम्सासारखे रंग डीएनएखेरीज इतर कणांनाही चढतात आणि केराटिन या प्रथिनाचे दाणे मायक्रोन्यूक्लियस म्हणून मोजले जातात. या प्रयोगशाळेत फ्यूल्जेन पद्धत वापरतात, जी फक्त डीएनएला रंगवते, आणि त्यांनी न विचारताच नमुना म्हणून काही छायाचित्रे पाठवली. इथे त्यांना पूर्ण गुण देतो.

लिम्फोसाइटची मायक्रोन्यूक्लियस चाचणी ही कॉमेटपेक्षा संथ आणि भारदस्त आहे. १९८५ मध्ये फेनेक आणि मोर्ली यांनी सायटोकॅलासिन-बी वापरून तिला आजचे रूप दिले. रक्तातील लिम्फोसाइटना विभाजनास प्रवृत्त करून सुमारे तीन दिवस वाढवतात. मध्येच हे द्रव्य घालतात, त्यामुळे केंद्रक दोन होते पण पेशी दुभंगत नाही. अशा दोन केंद्रकांच्या पेशींत मागे राहिलेले छोटे तिसरे केंद्रक शोधतात. गुणसूत्राचा तुटलेला तुकडा किंवा वाट चुकलेले अख्खे गुणसूत्र तिथे सापडते. दुरुस्तीतून निसटून कायम झालेली हानी ही चाचणी दाखवते, आणि लिम्फोसाइट दीर्घायुषी असल्यामुळे तिची स्मृती महिन्यांची असते. हजार पेशी मोजून भागवणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. इथे दोन हजार मोजतात, आणि दोन वेगळ्या व्यक्तींनी मोजलेल्या आकड्यांतला फरक अहवालात देतात.

या चाचणीचा आकडा वाचताना मात्र फार सांभाळावे लागते. वयाबरोबर तो वाढतो, स्त्रियांत पुरुषांपेक्षा जास्त असतो, आणि फोलेट किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर रसायनाचा संबंध नसतानाही चढतो. प्रयोगशाळेच्या प्रश्नावलीत तंबाखू, मद्य, अलीकडची क्ष-किरण तपासणी, औषधे, आजारपण हे सारे होते. आहार आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या यांविषयी एकही प्रश्न नव्हता. आम्ही स्वतःच्या कागदावर ते विचारून घेतले.

लघवीतील ८-हायड्रॉक्सी-डीऑक्सिग्वानोसिनविषयी फार लिहिण्यासारखे नाही. प्रयोगशाळा ते प्रतिपिंडांवर आधारलेल्या एलायझा संचाने मोजते, आणि हे संच सदृश इतर रेणूंनाही पकडतात, त्यामुळे द्रव-क्रोमॅटोग्राफी व वस्तुमान-वर्णपटमापी यांनी मिळणाऱ्या आकड्यांपेक्षा त्यांचे आकडे बरेच जास्त येतात. धूम्रपान करणाऱ्यांत ते वाढलेले दिसले. ते कळायला चाचणीची गरज नव्हती. तिसऱ्या फेरीत आम्ही ही चाचणी वगळली.

आता त्या रंगीत कागदाविषयी. गटाच्या अहवालाबरोबर प्रयोगशाळा प्रत्येक व्यक्तीच्या नावाचा एक कागद देते: वर नाव, खाली हिरवा, पिवळा किंवा लाल पट्टा आणि ‘जनुकीय जोखीम’ हे दोन शब्द. पहिल्या फेरीत हे कागद मी वाचण्याआधीच पाकिटांतून वाटले गेले. संध्याकाळी साचेविभागातील एक ज्येष्ठ कारागीर लाल पट्ट्याचा कागद घेऊन माझ्यासमोर बसला. “डॉक्टर, सरळ सांगा, मला कॅन्सर झालाय का?” त्याला कॅन्सर झाला नव्हता, त्याचे मायक्रोन्यूक्लियस तुलनेने जास्त होते, वय पन्नाशीच्या पुढे होते आणि तंबाखू सुटलेली नव्हती. ‘सामान्य’ पट्टा कशावरून ठरवला असे विचारल्यावर कळले की तो प्रयोगशाळेतील कर्मचारी आणि विद्यार्थी यांच्या नमुन्यांवरून बांधलेला आहे. विशी-पंचविशीतल्या मुलांशी तुलना केली तर पन्नाशीतला कोणीही माणूस पिवळ्या-लाल पट्ट्याकडे सरकणारच. त्या कारागिराला हे समजावून सांगायला मला एक तास लागला, आणि त्याला ते पुरते पटले असे मला आजही वाटत नाही.

या आकड्यांचा आजाराशी संबंध नाही असे मात्र कोणी समजू नये. २००७ मध्ये १० देशांतील ६,७१८ व्यक्तींची माहिती एकत्र करून केलेल्या अभ्यासात मायक्रोन्यूक्लियसचे प्रमाण जास्त असलेल्या गटांत पुढे कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. २०२१ मध्ये २,४०३ निरोगी व्यक्तींच्या कॉमेट चाचणीच्या जुन्या आकड्यांवरून मृत्यूच्या जोखमीशीही संबंध दिसला. पण ही विधाने गटांविषयी आहेत. ‘या गटात जास्त माणसे आजारी पडतील’ आणि ‘हा माणूस आजारी पडेल’ या दोन वाक्यांमधले अंतर लाल पट्टा पुसून टाकतो. शिवाय एकाच माणसाचा आकडा महिन्याभरात, थोड्याशा सर्दीने किंवा जबर व्यायामाने हलू शकतो, आणि कागदावर त्या हालचालीची मर्यादा कुठेही दिलेली नाही.

दुसरा परिणाम अधिक चिंताजनक होता. दुसऱ्याच आठवड्यात मनुष्यबळ विभागाने मला विचारले की लाल पट्ट्याच्या लोकांची बदली करावी काय. संमतीपत्रात लिहिले होते की निकाल फक्त कामाच्या जागेची सुधारणा करण्यासाठी वापरले जातील, आणि ते संमतीपत्र प्रयोगशाळेनेच तयार केले होते. त्याच प्रयोगशाळेने नावानिशी रंग छापून ते मोडण्याची सोय करून दिली. मी नकार दिला, कागद परत गोळा केले आणि दुसऱ्या फेरीपासून वैयक्तिक निकाल बंद पाकिटात फक्त माझ्याकडे यावेत अशी लेखी व्यवस्था केली. प्रयोगशाळेने ती मान्य केली, पण कागदाची रचना बदलली नाही.

एवढ्या तक्रारी करूनही मी ही सेवा सोडलेली नाही, कारण दुसऱ्या फेरीने आमच्याकडे प्रत्यक्षात काम करून दाखवले. आठवड्याच्या शेवटी घेतलेल्या नमुन्यांत साचेकाम करणाऱ्यांचा गट कॉमेटमध्ये तुलनागटापेक्षा स्पष्टपणे वर होता, आणि त्यातही टाकीच्या आत हाताने रोलर फिरवणारे सर्वांत वर होते, जरी त्या विभागातील हवेचे मोजमाप मर्यादेतच होते. हे पाहून आम्ही हातमोजे तपासले. साध्या नायट्राइल मोज्यातून स्टायरीन फार लवकर झिरपते; आम्ही बहुपदरी प्लास्टिकचे मोजे आणले, ते बोटांना ढगळ बसतात म्हणून वरून नायट्राइलचे घालण्याची पद्धत बसवली, आणि टाकीच्या तोंडाशी हलवता येणारी शोषणनळी लावली. हवा मोजण्याच्या अहवालावर हा खर्च मंजूर झाला नसता. धूमकेतूंची छायाचित्रे दाखवल्यावर तो एका बैठकीत मंजूर झाला. तिसऱ्या फेरीत दोन गटांतला कॉमेटचा फरक बराच कमी झालेला दिसला आणि लघवीतील मँडेलिक आम्लही त्याच दिशेने उतरले, त्यामुळे हा योगायोग नसावा असे मला वाटते. मायक्रोन्यूक्लियसचे आकडे जवळपास जागच्या जागी आहेत. दीर्घायुषी पेशींत साठलेली हानी काही महिन्यांत उतरावी अशी अपेक्षा धरणेच चूक होते. व्यवस्थापनाला ते समजावणे अजून चालू आहे.

ही सेवा कोणी घ्यावी, तर ज्याच्याकडे निदान वीस-पंचवीस जणांचा गट आणि तितकाच जुळता तुलनागट आहे, ज्याला रसायन कोणते हे ठाऊक आहे, आणि ज्याच्याकडे निकाल वाचू शकणारे कोणीतरी आहे त्याने. एकट्या-दुकट्या माणसाने ‘माझा डीएनए तपासून द्या’ म्हणून इथे जाऊ नये. त्याला एक आकडा आणि एक रंग मिळेल, उत्तर मिळणार नाही. अहवाल यायला सहा आठवडे लागतात, मायक्रोन्यूक्लियसच्या मोजणीचा वेळ पाहता ते रास्त आहे. फोनवर शास्त्रज्ञ स्वतः बोलतात, प्रश्नांना टाळत नाहीत आणि चूक मान्य करतात, हे या क्षेत्रात मला सहसा अनुभवाला आलेले नाही.

चौथ्या फेरीची मागणी मी गेल्या आठवड्यात पाठवली. साचेविभागासाठी एफपीजीसह कॉमेट आणि लिम्फोसाइटचे मायक्रोन्यूक्लियस, दाबपट्ट्यांच्या विभागासाठी फक्त गालाच्या पेशी, लघवीची चाचणी नाही. प्रोटीनेझ-के वापरून सांधे तपासून द्याल का, असेही विचारले आहे. त्याचे उत्तर अजून यायचे आहे. आणि वैयक्तिक कागद छापू नयेत, हे मागणीपत्राच्या पहिल्याच ओळीत लिहिले आहे.